करावे गावची हवा मोजताना : काय करावे, काय टाळावे

काही हजार रुपयांत धुळीचा सेन्सर मिळू लागल्यापासून शाळा, सोसायट्या आणि तरुण मंडळे स्वतः हवा मोजू लागली आहेत. हे फार चांगले झाले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, मानकांपेक्षा जास्त प्रदूषण असलेल्या शहरांच्या यादीत नवी मुंबईचे नाव आहे. याच शहरात नेरूळमध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे हवा मोजणी केंद्र आहे. पण गल्लीतली हवा गल्लीतच मोजावी लागते.

नवी मुंबईतले करावे गाव ही मोजणीसाठी अवघड जागा आहे. एका अंगाला खाडी आणि कांदळवन, शेजारून पाम बीच रस्ता, उत्तरेला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, खाडीपलीकडे न्हावाशेवा बंदर आणि नवा विमानतळ. इथे नुसता आकडा काहीच सांगत नाही. तो कुठे, कधी, कोणत्या वाऱ्यात मिळाला, ही नोंद सोबत असेल तरच तो पुरावा ठरतो.

काय करावे

१. आधी प्रश्न ठरवा. ‘हवा कशी आहे?’ हा प्रश्न फार मोठा आहे. ‘शाळा सुटताना फाटकापाशी धूळ किती असते?’ किंवा ‘रात्री कचरा जळतो तेव्हा शेजारच्या घरांपर्यंत काय पोहोचते?’ असा नेमका प्रश्न घ्या. यंत्र कोणते आणि ते कुठे लावायचे, हे त्यावरूनच ठरते.

२. यंत्र आधी पडताळून घ्या. स्वस्त सेन्सर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतो. अधिकृत केंद्रातले बीटा किरणांचे यंत्र फितीवर साठलेल्या धुळीचे वस्तुमान काढते. दोघांचे आकडे आपोआप जुळत नाहीत. परवानगी मिळाली तर सेन्सर काही आठवडे अधिकृत केंद्राशेजारी ठेवा आणि दोन्हींतला फरक काढा. आयआयटी कानपूर आणि राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२०-२१ मध्ये मुंबई परिसरात सेन्सरची चाचणी अशीच घेतली होती.

३. जागा विचारपूर्वक निवडा. हवा आत घेणारे तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर असावे. भिंतीला चिकटून, झाडाच्या फांदीखाली, हॉटेलच्या धुराड्याजवळ किंवा एसीच्या झोतात यंत्र लावू नये.

४. आर्द्रतेची नोंद प्रत्येक रीडिंगसोबत ठेवा. खाडीकाठच्या हवेत मिठाचे कण असतात. आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मीठ पाणी शोषते, कण फुगतो आणि प्रकाशावर चालणारा सेन्सर धूळ वाढल्याचे सांगतो. पावसाळ्यातले आणि पहाटेच्या धुक्यातले आकडे दुरुस्तीशिवाय वापरू नका.

५. वारा आणि भरती-ओहोटी लिहा. हिवाळ्यात दुपारी समुद्राकडून वारा येतो, रात्री तो जमिनीकडून खाडीकडे वळतो आणि जमिनीलगतच्या थंड हवेच्या थरात धूर अडकून राहतो. एकाच ठिकाणी दिवसात दोन वेगवेगळ्या दिशांची हवा मोजली जाते. ओहोटीला चिखल उघडा पडून वास येतो, म्हणून पाण्याची वेळही हवी. उधाण (मोठी भरती) कधी आणि भांग (लहान भरती) कधी, हे गावातल्या कोळी मंडळींना तिथीवरून ठाऊक असते, त्यांना विचारा.

६. घटनांची वही ठेवा. ‘रात्री ९.१०, मोकळ्या प्लॉटवर कचरा पेटवला, वारा पूर्वेचा’ अशी एक ओळ पुरते. होळी, दिवाळी, रस्त्याचे खोदकाम, लग्नातले फटाके, सगळे लिहा. महिन्यानंतर आलेखातला उंच सुळका कशाचा, हे या वहीवाचून कळणार नाही.

७. यंत्र उघडून पाहा. तोंडाशी कोळ्याचे जाळे, पंख्याच्या पात्यांवर धुळीचा राखाडी थर, स्क्रूभोवती खाऱ्या हवेचा गंज: खाडीकाठी हे हमखास आढळते. पंखा मंदावला की आकडा घसरतो आणि हवा सुधारल्याचा भास होतो. सफाईची तारीखही वहीत लिहा.

८. निदान एक वर्ष मोजा. पाऊस धूळ धुऊन नेतो, हिवाळा ती साठवतो. फक्त जानेवारीचे किंवा फक्त जुलैचे आकडे म्हणजे गावची हवा नव्हे.

काय टाळावे

१. हवा गुणवत्ता निर्देशांक (एक्यूआय) आणि मायक्रोग्रॅम यांची गल्लत टाळा. पीएम २.५ चे, म्हणजे अतिसूक्ष्म धुळीचे, प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल, तर भारतीय निर्देशांक १०० येतो. अमेरिकी पट्टी वापरणारे ॲप तेवढ्याच धुळीला दीडशेच्या वर दाखवते. मूळ मायक्रोग्रॅमचा आकडाच जपून ठेवा.

२. तासाभराचे रीडिंग दिवसाच्या मानकाशी ताडून पाहू नका. ६० मायक्रोग्रॅम ही आपल्याकडची २४ तासांच्या सरासरीची मर्यादा आहे, वर्षाची ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हेच आकडे १५ आणि ५ असे सुचवले. कोणती मर्यादा, किती काळाची, हे प्रत्येक तक्त्यावर लिहा.

३. वाऱ्याच्या दिशेची साधी सरासरी काढू नका. ३५० अंश आणि १० अंश हे दोन्ही उत्तरेचे वारे. बेरीज करून दोनने भागले तर उत्तर १८० येते, म्हणजे थेट दक्षिण!

४. घड्याळ तपासल्याशिवाय आलेख काढू नका. अनेक यंत्रे जागतिक वेळ नोंदवतात. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. सकाळी नऊची गर्दी मग पहाटे साडेतीनला दिसते आणि दोष भलत्याच कुणावर जातो.

५. रिकाम्या जागी शून्य भरू नका. वीज गेली, नोंद नाही, तर तसेच लिहा. नकोसा वाटणारा मोठा आकडाही कारणाशिवाय पुसू नका.

६. नाकावर निदान करू नका. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलातून हायड्रोजन सल्फाइड येतो आणि तो अगदी अल्प प्रमाणातही नाकाला कळतो. उलट कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. वास आला ही नोंद आहे, निष्कर्ष नव्हे.

७. रस्त्याकडेला ओझोन कमी म्हणजे हवा शुद्ध, असे समजू नका. गाड्यांतून निघणारा नायट्रिक ऑक्साइड तिथला ओझोन खाऊन टाकतो. नायट्रोजन डायऑक्साइडवर ऊन पडून पुढे ओझोन तयार होतो, तोवर हवा दूर गेलेली असते. स्वस्त नायट्रोजन डायऑक्साइड सेन्सर तर ओझोनलाही प्रतिसाद देतात. त्यांचे आकडे जपून वापरा.

८. कारखाने जवळ आहेत म्हणून प्रत्येक पावसाला आम्ल पाऊस म्हणू नका. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे स्वच्छ पावसाचा पीएचही ५.६ च्या आसपास असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी दाखवून दिले, की मातीच्या धुळीतले कॅल्शियम पावसातले आम्ल निष्प्रभ करू शकते. पाऊस गोळा करायचे भांडे पावसापूर्वीच उघडे ठेवले, तर पाऊस राहतो बाजूला, साचलेली धूळच मोजली जाते.

९. एका यंत्राच्या एका रात्रीवरून कुणाचे नाव घेऊ नका. वाऱ्याची दिशा, वेळ आणि दुसऱ्या ठिकाणचे रीडिंग जुळले की मगच तक्रार करा. अशी तक्रार सहजासहजी फेटाळता येत नाही.

येत्या पावसाळ्यानंतर गावातल्या एखाद्या शाळेने किंवा मंडळाने दोन यंत्रे घ्यावीत. एक रस्त्याच्या बाजूला लावावे, एक खाडीच्या बाजूला, आणि वर्षभराच्या नोंदी वहीसकट सगळ्यांसाठी खुल्या ठेवाव्यात. ही हवा आपली मुले रोज श्वासात घेतात. तिचा हिशेब चोख ठेवणे आपल्या हातात आहे, सुरुवात करा.