भगर येते कुठून?

गेल्या वर्षी एकादशीच्या संध्याकाळी एकाच घरातली पाच माणसे दवाखान्यात आली. उलट्या, चक्कर, हातापायांना थरथर. आजीबाई म्हणाल्या, "डॉक्टर, दिवसभर दुसरं काही खाल्लं नाही हो, नुसती भगरीची भाकरी अन् दाण्याची आमटी." सलाईन लावले, रात्री उशिरा सगळे सावरले. सकाळी त्याच गल्लीतली आणखी दोन घरे हजर! पीठ एकाच दुकानातले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लोणार तालुक्यात भगर-आमटीचा प्रसाद खाल्ल्यानंतर शेकडो भाविकांना विषबाधा झाली आणि झाडांना दोऱ्या बांधून सलाईन लावावे लागले, हे वाचकांना आठवत असेल.

दोष धान्याचा नाही. भगर म्हणजे वरीचे तांदूळ. इगतपुरी, पेठ, अकोले या डोंगरी भागातले हे फार जुने पीक. कोंडा अंगावर असेपर्यंत दाणा चांगला टिकतो. कोंडा काढला की त्यातील स्निग्धांश उघडा पडून खवट होऊ लागतो, आणि दळले की पीठ हवेतला ओलावा ओढते. मग ॲस्परजिलस जातीची बुरशी धरते. तिच्यापासून फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्ये तयार होतात. गिरणी, घाऊक व्यापारी, किराणा दुकान, पुन्हा पिठाची चक्की, असा प्रवास लांबला की बुरशीला वेळ मिळतो. शेतकऱ्याला गिऱ्हाईक माहीत नाही, गिऱ्हाइकाला शेतकरी!

आमच्या तालुक्यातील एका महिला बचत गटाने हा प्रवास तोडून पाहिला. काढणीनंतर त्या डोंगरावरच्या शेतकऱ्यांकडून कोंड्यासकट वरी घेतात, वाळवून ठेवतात आणि उपवासाच्या आधी पंधरा दिवस छोट्या यंत्रावर भरडतात. गिऱ्हाईक घरांची यादी आधीच तयार असते. अडचण पैशाची होती. शेतकऱ्याला दिवाळीला रोख हवी, म्हणून तो मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याला माल देई. गटाने यादीतल्या घरांकडून निम्मी रक्कम आगाऊ घेतली, तेव्हा गाडे चालले. पहिल्या वर्षी दोन पोती ओलसर निघाली ती फेकावी लागली; तो तोटा शेतकरी व गट यांनी निम्मा-निम्मा सोसला. भाव दुकानापेक्षा थोडा जास्त पडतो. पण माझ्या एका सलाईनपेक्षा स्वस्तच!

अशी सोय नसेल त्यांनी शक्यतो बंद पाकिटातली भगर घ्यावी, तारीख पाहावी. तयार पीठ आणू नये. भगर निवडून, उन्हात वाळवून, लागेल तेवढीच दळावी. कुबट वास किंवा कडवट चव आल्यास टाकून द्यावी. मधुमेहींनी 'उपवासाची' म्हणून ताटभर खाऊ नये. तीही पिष्टमयच आहे.

उलटी, चक्कर, थरथर सुरू झाल्यास घरगुती उपायांत वेळ घालवू नका. शुद्धीत असेल तर साखर-मिठाचे पाणी घोटघोट देत प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. उरलेले पीठ फेकू नका, सोबत आणा. आणि दुकानदाराला लगेच निरोप द्या, म्हणजे त्याच पोत्यातले पीठ नेलेल्या इतर घरांना तो चूल पेटवण्याआधी सांगू शकेल.