गेलेल्या काळांत परत जातां येईल काय ?

परीक्षेचा पेपर देऊन वर्गाबाहेर पडतांच बरोबर उत्तर आठवावें आणि 'अर्धा तास मागें जातां आलें असतें तर !' असें वाटावें, हा अनुभव कोणत्या विद्यार्थ्यास नाहीं ? ही इच्छा फार जुनी आहे. भागवतांतील ककुद्मी राजा कन्या रेवतीसह ब्रह्मलोकीं जाऊन आला, तों पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगें उलटून गेलीं होतीं. पवित्र शास्त्रांत हिज्कीया राजासाठीं छायायंत्रावरील सावली दहा पायऱ्या मागें सरल्याची कथा आहे. एका कथेंत मनुष्य काळापुढें जातो, दुसरींत काळच मागें येतो. या दोहोंविषयीं शास्त्र काय सांगतें तें पाहूं.

पुढें जाणें निसर्गास मान्य आहे. वेगानें जाणाऱ्याचा काळ स्थिर असणाऱ्याच्या मानानें हळू चालतो, असें आइन्स्टाइन यांनीं १९०५ सालीं दाखविलें. १९७१ सालीं हाफेले व कीटिंग यांनीं अणुघड्याळें विमानांतून पृथ्वीभोंवतीं फिरविलीं. पूर्वेकडे गेलेलीं घड्याळें जमिनीवरील घड्याळांहून सुमारें ५९ अब्जांश सेकंद मागें पडलीं. अंतराळांत एकंदर ८०३ दिवस राहिलेले सर्गेई क्रिकाल्योव्ह आपणां सर्वांपेक्षां सुमारें एक पन्नासांश सेकंद पुढच्या काळांत उतरले, असा हिशेब आहे. प्रकाशाच्या शेंकडा ९९ वेगाचें यान मिळालें, तर त्यांत एक वर्ष घालवून परतणाऱ्या विद्यार्थ्यास आपले वर्गमित्र सात वर्षांनीं मोठे झालेले आढळतील. तसें यान आज नाहीं. परंतु नियम मात्र खरा आहे.

मागें जाण्याची गोष्ट निराळी. कोणी भूतकाळांत जाऊन आपल्या आजोबांचा विवाहच मोडला, तर तो स्वतः जन्मास कसा आला ? आणि जन्मास आला नाहीं, तर विवाह कोणीं मोडला ? कार्य कारणाच्या आधीं येऊं लागलें कीं असा घोटाळा होतो. गोडेल या गणितज्ञानें १९४९ सालीं, फिरत्या विश्वांत असा मार्ग गणितानें संभवतो, असें दाखविलें. पण आपलें विश्व तसें फिरत असल्याचा पुरावा नाहीं. निसर्गच हा मार्ग बंद ठेवीत असावा, असें अनुमान हॉकिंग यांनीं १९९२ सालीं मांडलें. २००९ सालीं त्यांनीं काळप्रवाशांसाठीं एक मेजवानी दिली आणि निमंत्रणें मेजवानी आटोपल्यावर प्रसिद्ध केलीं. अर्थात् कोणीही आलें नाहीं !

तथापि भूतकाळ पाहतां येतो. बीड शहराजवळील खजाना विहीर निजामशाहीच्या अमदानींत, १५८२ सालीं बांधली गेली. ध्रुवाचा प्रकाश आपणांपर्यंत येण्यास सुमारें साडेचारशें वर्षें लागतात. म्हणजे आज रात्रीं ध्रुवाकडे पाहिल्यास जो किरण आपल्या डोळ्यांत शिरतो, तो साधारण त्या विहिरीच्या बांधकामाच्या काळीं निघालेला आहे. तो आपण पाहूं शकतों. त्यांत ढवळाढवळ मात्र करूं शकत नाहीं. गेलेल्या काळाचेंही असेंच आहे.

हें सत्य आपल्या जिल्ह्यास विशेष लागू पडतें. दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबें ऊसतोडीसाठीं घरें बंद करून निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्यासह गेलेल्या मुलाचे ते महिने परत आणील असें यंत्र कोणत्याही शास्त्रज्ञापाशीं नाहीं. परंतु शेजारच्या बांकावरील मित्रानें त्या महिन्यांचे धडे दुसऱ्या वहींत नीट उतरून ठेविले, आणि पालकांनीं तें पोर आजीपाशीं ठेवतां येईल काय, याचा वेळीं विचार केला, तर पुष्कळ हानि टळेल. गेलेला दिवस बदलतां येत नाहीं. येणारा दिवस मात्र अद्याप आपल्या हातीं आहे. विद्यार्थिमित्रहो, ती दुसरी वही आजच आणावी, इतकेंच आमचें सांगणें आहे.