पिल्लू आणण्याआधी

चि. ओंकार,


हस्कीचं पिल्लू बघून ठेवलंय, दिवाळीला घरी आणतो, असं तू फोनवर म्हणालास. तेव्हा घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

हस्की ही सैबेरियातल्या बर्फात गाडी ओढणारी जात. अंगावर दाट केसांचे दोन थर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. मुख्यतः जीभ बाहेर काढून, धापा टाकून ते अंगातली उष्णता कमी करतं. तू आणि सूनबाई दोघंही दिवसभर ऑफिसात. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये बंद फ्लॅटमध्ये त्या जिवाचे किती हाल होतील! निळ्या डोळ्यांपायी हे करू नकोस. गावठी पिल्लू इथल्याच हवेत वाढतं आणि जीवही तितकाच लावतं.

मुळात कुत्रं हवंय कशाला? घर सुनं वाटतं, म्हणालास. कारण खरं आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. एक जुनी गोष्ट सांगते. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेलच्या खाणीत १९१४ साली एक पुरुष आणि एक स्त्री यांचे सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे सांगाडे सापडले. त्यांच्यासोबत कुत्र्याचं पिल्लूही पुरलेलं होतं. त्याला डिस्टेंपर झाला असावा, असं संशोधकांनी पुढे त्याच्या दातांवरून ताडलं. कुणी काळजी घेतल्याशिवाय ते त्या दुखण्यात आठवडेच्या आठवडे तगलं नसतं. असलं पिल्लू ना शिकारीच्या उपयोगाचं, ना राखणीच्या. तरी कुणीतरी त्याला पाणी पाजलं असणार, त्याची घाण काढली असणार. माणूस कुत्रं का पाळतो, याचं मला पटलेलं उत्तर तेच आहे. आपल्यावाचून ज्याचं चालणार नाही असा जीव सांभाळावासा वाटतो, आणि सोबत मिळते ती त्यातूनच.

आज डिस्टेंपरवर लस आहे. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झालं की डॉक्टरांकडे न्यायचं, पुढे रेबीजची लस, तीही वेळच्या वेळी. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा हे त्याच्या तोंडाला लागू द्यायचं नाही. हे सगळं शिकता येतं. अवघड आहे ते पुढचं. कुत्रं दहा-बारा वर्षं, कधी त्याहून जास्त जगतं. तेवढ्यात तुझी बदली होईल, घरात बाळ येईल, आणि ते म्हातारं होऊन जिना चढायचं थांबेल. तेव्हा त्याला उचलून न्यायची तयारी आहे का? सूनबाईंना विचारलंस का? त्यांचं मन नसेल तर विषय तिथेच थांबव.

आणि दिवाळीत तर मुळीच आणू नकोस. नव्या घरात बावरलेल्या पिल्लाच्या कानांवर फटाक्यांचे आवाज नकोत. तोवर दोघांनी रोज पहाटे सहाला उठून तासभर चालून बघा, पावसातसुद्धा. महिनाभर खंड पडला नाही तर मला कळव. दिवाळी झाली की मी येते, आपण मिळूनच पिल्लू बघायला जाऊ.

तुझी,
मावशी