हेमंत-शिशिरातील गिरिभ्रमण व वस्त्रयोजना

मार्गशीर्ष लागला की कळसूबाई, हरिश्चंद्रगड येथे रात्री चढाई करणाऱ्यांची गर्दी वाढते. त्यांत संधिवात, तमकश्वास, जीर्ण प्रतिश्याय यांचे आपले रुग्णही असतात. निघण्यापूर्वी ते विचारावयास येतात आणि आपण बहुधा 'उबदार कपडे घाला' एवढेच सांगतो. हा सल्ला अपुरा आहे. प्रसंगी अपायकारकही ठरतो.

हेमंतचर्येत चरकाचार्यांनी गुरू व उष्ण वस्त्रे सांगितली आहेत. वाग्भटाचार्य शयनकाळच्या प्रावरणाविषयी मात्र स्वभावतः उष्ण व लघु असा निर्देश करतात. संदर्भ शय्येचा असला, तरी चालणाऱ्यास लघु गुणच अधिक उपकारक, असे माझे मत आहे. स्वस्थ बसणाऱ्यास जाड घोंगडी ठीक. पण बारी गावातून जाड स्वेटर घालून चढू लागलेला मनुष्य थोड्याच वेळात घामाने भिजतो. पुढे १६४६ मीटर उंचीच्या शिखरावर सूर्योदयाची वाट पाहत तो त्याच ओल्या कपड्यांत वाऱ्यात बसतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. शीत आणि चल हे वाताचे दोन्ही गुण तेथे एकाच वेळी अंगावर येतात.

म्हणून एका जाड वस्त्राऐवजी तीन पातळ वस्त्रे सुचवावीत. थरांमध्ये अडकलेली हवाच खरी ऊब देते. अंगालगत पातळ लोकरीचे वा पॉलिएस्टरचे वस्त्र असावे. सुती बनियन येथे वर्ज्य समजावे. सुताविषयी आपणा सर्वांस ममत्व आहे व उन्हाळ्यात ते योग्यही आहे, परंतु सूत घाम धरून ठेवते. त्यावर स्वेटर व सर्वांत वर वारा अडविणारे जाकीट. मुख्य गोष्ट थर काढण्या-घालण्याच्या वेळेची आहे. निघताना किंचित थंडी वाजेल इतकेच कपडे ठेवावेत, आणि थांबताक्षणी, हुडहुडी भरण्यापूर्वी, वरचा थर चढवावा. कोरडे अंतर्वस्त्र प्लॅस्टिकच्या पिशवीत न्यावे व माथ्यावर बदलावे. कानटोपी हवीच. घट्ट बुटात दोन मोजे घातल्यास रक्ताभिसरण मंदावते व पाय अधिकच गार पडतात.

औषधालयात तेल घेण्यास आलेल्या ग्राहकास सांगावे, की अभ्यंगानंतर उष्णोदकाने स्नान करून, अंग पूर्ण कोरडे झाल्यावरच कपडे चढवावेत. तमकश्वासाच्या रुग्णाने चालू असलेला इनहेलर जवळ बाळगावा; सितोपलादी चूर्ण त्यास पर्याय नव्हे.

थंडीने कापणाऱ्या सोबत्याचे बोलणे अडखळू लागले, पाऊल चुकू लागले वा गुंगी आली, तर तो अत्ययिक प्रसंग होय. कापणे थांबले म्हणजे बरे वाटले, असे समजू नये. अशा अवस्थेत ते गंभीर लक्षण आहे. ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळावे, वाऱ्याआड आडवे ठेवावे, शुद्धीवर असल्यास कोमट गोड पेय द्यावे. मद्य देऊ नये, हातपाय जोराने चोळू नयेत आणि रुग्णालयात नेण्यास विलंब करू नये.