न उघडणाऱ्या फाईलमधील अक्षरे

सम्राट अशोकाचे शिलालेख शेकडो वर्षे लोकांच्या डोळ्यांसमोर होते, परंतु ते कोणास वाचता येत नव्हते. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ साली सांची येथील लहान लहान लेख तपासले, तेव्हा बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे आढळली. हे दात्यांचे लेख असावेत व तो शब्द ‘दानं’ असावा, असे त्यांनी ताडले. तेथून ब्राह्मी लिपी उलगडत गेली. अक्षरे होतीच, वाचणारा नव्हता.

संगणकातील जुन्या फाईलींचेही असेच आहे. आमच्या संस्थेकडे विहार बांधकामाच्या दात्यांची यादी होती. ती १९९८ साली एका टायपिंग केंद्रात तयार झाली. पुढे कागदावरील प्रत भिजली. उरली ती फ्लॉपीवरून उतरविलेली फाईल, आणि ती नव्या संगणकावर उघडेना. कारखान्याच्या उचलीतून ५१ व १०१ रुपये देणाऱ्या ऊसतोड बांधवांची नावे त्यात होती. ‘यादी गेली’ असे आम्ही सर्वांनी धरून चाललो होतो.

संगणकाच्या लेखी फाईल म्हणजे ० ते २५५ या अंकांची लांबलचक रांग. त्यांपैकी ३२ ते १२६ हे ९५ अंक रोमन अक्षरे, आकडे, विरामचिन्हे व मोकळी जागा यांचे असतात. लिनक्स संगणकावर ‘स्ट्रिंग्ज’ नावाची आज्ञा मिळते. ती फाईल धान्यासारखी चाळते आणि सलग चार किंवा अधिक वाचनीय चिन्हे दिसली की तेवढीच छापते. आज्ञेचे नाव, मोकळी जागा व फाईलचे नाव एवढेच टंकावयाचे. पुढे > हे चिन्ह व नवे नाव दिल्यास निकाल वेगळ्या फाईलीत साठतो.

आम्ही प्रथम मूळ फाईलची प्रत काढली व प्रतीवरच काम केले. पहिल्या खेपेस फक्त फॉन्टचे नाव, तारखा व मोठ्या रकमा आल्या. ५१, १०१ गळाले, कारण ते चार चिन्हांपेक्षा लहान. नावे तर एकही नाही! कारण त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये बरीच अक्षरे १२७ च्या पुढील अंकांवर बसविलेली असत, आणि ही आज्ञा आपणहून तिकडे पाहत नाही.

म्हणून दोन सूचना जोडाव्या लागल्या. ‘-एन २’ म्हणजे दोन चिन्हेही चालतील. ‘-ई’ व त्यापुढे मोठ्या लिपीतील ‘एस’ म्हणजे १२७ च्या पुढील अंकही घ्यावेत. आता ओळीच्या ओळी आल्या, पण अगम्य. फॉन्टचे नाव हाती होतेच. त्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा परिवर्तक वापरताच नावे वाचता आली. काही जोडाक्षरे बिघडली. ती वृद्ध सभासदांना विचारून दुरुस्त केली.

एक मर्यादा ध्यानात असावी. आजच्या डॉक्स व बहुतेक पीडीएफ फाईलींतील मजकूर दाबून भरलेला असतो. तो आधी मोकळा केल्याशिवाय या चाळणीत येत नाही.

साधनाला आपली अक्षरे दिसली नाहीत, म्हणजे ती नव्हतीच असे नव्हे. बांधवांनी घरातील, संस्थेतील जुन्या फ्लॉपी व सीडी टाकून देण्यापूर्वी एकदा तपासाव्यात. पैसा पैसा जोडून दान देणाऱ्यांची नावे जपणे हेही आपले कर्तव्यच आहे.

जयभीम!