गोल चट्टा : लक्षण एक, आजार अनेक

अंगावर कडेने लाल आणि मध्ये साफ असा गोल चट्टा उठला, की आपण त्याला 'नायटा' किंवा 'गजकर्ण' म्हणून मोकळे होतो आणि औषधाच्या दुकानातून एखादी ट्यूब आणून लावतो. पुष्कळदा तो नायटाच असतो, परंतु नेहमीच असतो असे नाही. आणि नायटा असला, तरी हाती पडलेली ट्यूब त्यावरचे औषध असतेच असेही नाही. या दोन गोष्टी सभासद बंधू-भगिनींच्या आणि विशेषतः विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून द्याव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नारायण पेठेचेच उदाहरण घेऊ. मुठेच्या काठची ही जुनी पेठ केसरीवाड्यामुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. आज तिच्या गल्ल्यांतून स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आणि कॉट बेसिसच्या खोल्या आहेत. गावाकडून आलेली मुले एकेका खोलीत दाटीने राहतात. कपडे वाळत घालायला एकच दोरी असते. पावसाळ्यात कपडे दमट राहतात, तेच अंगावर चढवून मुले दहा-दहा तास एका बैठकीत अभ्यास करतात. घाईत एकाचा टॉवेल दुसरा वापरतो. जांघेत, कमरेवर, काखेत बुरशी वाढण्यास याहून सोयीची जागा कोणती? शिवाय ही खाज चारचौघांत सांगण्याची लाज वाटते. म्हणून डॉक्टरांऐवजी मुले दुकान गाठतात.

चट्टा गोल का होतो?

नायटा हा जंतामुळे किंवा रक्त बिघडल्यामुळे होत नाही. तो एका सूक्ष्म बुरशीमुळे होतो. त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरातील केराटिन हे या बुरशीचे अन्न. एका ठिकाणी रुजली की ती चारी दिशांना सारखी पसरते. मधला भाग निवळतो आणि कडेला लालसर, खवलेदार, खाजरी रिंगण दिसते. म्हणजे बुरशी मुख्यतः कडेला कार्यरत असते.

ट्यूबचा फसवा आराम

दुकानात मागितल्याबरोबर मिळणाऱ्या अनेक मलमांत बुरशीनाशक, जंतुनाशक आणि स्टेरॉइड अशी मिसळ असते. स्टेरॉइडने लाली व खाज दोन-तीन दिवसांत कमी होते आणि रोगी समाधान पावतो. परंतु स्टेरॉइड बुरशीला मारत नाही. ते त्वचेची प्रतिकारशक्ती दाबते. बुरशी आतल्या आत पसरत राहते आणि मलम थांबवताच खाज दुपटीने उसळते. रिंगणाची कड पुसट होते किंवा रिंगणात रिंगण उठते, त्यामुळे जाणत्या डॉक्टरांनाही ओळख पटणे अवघड जाते. दीर्घकाळ वापरल्यास कातडी पातळ होते आणि जांघेत कायमचे चिरांसारखे वळ उमटतात. सन २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियमात बदल केला. तरीही वाचकांनी स्वतः ट्यूबवरील बारीक अक्षरे वाचावीत. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन ही सर्व स्टेरॉइडची नावे आहेत.

नवी, चिवट बुरशी

गेल्या काही वर्षांत भारतभर महिनोन् महिने न हटणारा नायटा वाढला आहे. यामागे मुख्यतः एक बुरशी असल्याचे आढळले. सन २०२० मध्ये जपानमधील संशोधकांनी तिला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे स्वतंत्र नाव दिले. तिचे अनेक वाण टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत, कारण हे औषध ज्या विकरावर काम करते, त्याची घडणच त्यांच्यात बदललेली असते. सन २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील दोन रुग्णांतही ती आढळली. अशा रुग्णांना इट्राकोनाझोलसारखे दुसरे औषध दीर्घकाळ द्यावे लागते, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. म्हणून "मित्राला याच गोळीने गुण आला" हा पुरावा येथे चालत नाही.

नायट्यासारखे दिसणारे इतर आजार

नाण्याच्या आकाराचे इसब ओले, पाणी सुटणारे असते. सोरायसिसमध्ये चंदेरी, जाड खपल्या असतात. 'ग्रॅन्युलोमा ॲन्युलेर' या आजारात रिंगण असते, पण खवले नसतात, आणि ते पुष्कळदा आपोआप जाते. उन्हात उघड्या राहणाऱ्या भागांवर रिंगणे उठत असतील आणि सांधे दुखत असतील, तर ल्युपसचा विचार करावा लागतो. हा आजार स्त्रियांत अधिक आढळतो.

परंतु ज्याला विसरून चालणार नाही, तो कुष्ठरोग. त्याचा चट्टाही उंच कडेचा, गोल असू शकतो. मात्र तो सहसा खाजत नाही. त्यावरची कातडी कोरडी पडते, केस गळतात, घाम येत नाही आणि मुख्य म्हणजे स्पर्श कळत नाही. डोळे मिटून कापसाच्या टोकाने चट्ट्यावर व शेजारच्या कातडीवर स्पर्श करावा. फरक जाणवला तर एक दिवसही दवडू नये. नायट्याचे मलम लावण्यात वर्ष गेले, तर तेवढ्यात मज्जातंतू निकामी होऊन बोटे वाकडी होऊ शकतात. ती हानी औषधाने भरून येत नाही.

वेळेवर निदान झाले तर हा रोग पूर्ण बरा होतो. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये त्याचा जंतू शोधला, तेव्हाच तो पापाचे फळ नसल्याचे स्पष्ट झाले. आज बहुविध औषधोपचार प्रकारानुसार सहा ते बारा महिने, सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण २००५ च्या अखेरीस दहा हजारांत एकाहून खाली आले, पण रोग संपलेला नाही. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन उभारले, ते घरादाराने टाकलेल्यांसाठी. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून निघायला तर २०१९ साल उजाडावे लागले. बहिष्काराचे दुःख काय असते, हे आपल्या समाजाला निराळे सांगावे लागत नाही. म्हणून चट्टा लपवणाऱ्याला धीर देणे आपले काम आहे.

निदान कसे होते?

नायट्याची तपासणी सोपी आहे. चट्ट्याच्या कडेची कातडी हलकेच खरवडून तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात व सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीचे धागे थोड्याच वेळात दिसतात. मलम चालू असल्यास धागे न दिसण्याचा संभव असतो, म्हणून ते आधी सांगावे. शंका राहिल्यास बुरशी वाढवून पाहतात, त्यास काही आठवडे लागतात. इतर आजारांसाठी कातडीचा लहानसा तुकडा तपासतात. पुण्यात ससून रुग्णालयात त्वचारोगाची तपासणी होते, तर कोंढव्याला कुष्ठरोगाचे रुग्णालय आहे.

डॉक्टरांकडे जाताना चट्टा केव्हा उठला, खाज आहे की बधिरपणा, घरात अथवा खोलीत आणखी कोणाला आहे का, हे कागदावर लिहून न्यावे. वापरलेल्या सर्व ट्यूबा, रिकाम्या झाल्या असल्या तरी, सोबत न्याव्यात. नायटा ठरल्यास खोलीतील सर्व बाधितांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. टॉवेल व कपडे वेगळे ठेवावेत, गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावेत. सैल सुती कपडे घालावेत. चट्टा दिसेनासा झाला तरी सांगितलेली मुदत पुरी करावी.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. नायट्याच्या तपासणीसाठी कातडी मधून न घेता कडेवरून का घेतात?
२. स्टेरॉइडने खाज थांबते, पण रोग का थांबत नाही?
३. नायटा व कुष्ठरोग यांच्या चट्ट्यांतील तीन फरक लिहा.
४. आपल्या घरातील मलमांच्या ट्यूबा तपासा. त्यांपैकी किती स्टेरॉइडयुक्त आहेत?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून थांबू नये. घरातील सर्वांना ते वाचून दाखवावे.