गोड मक्याची पेरणी : तारीख कणसापासून मागे मोजावी

धान्याचा मका आणि गोड मका ही एकाच कुळातील पिके. मशागत सारखी, झाड सारखे, कीडही बहुतांशी तीच. त्यामुळे अनेक शेतकरी बंधू-भगिनी गोड मका नेहमीच्या मक्याप्रमाणेच पेरतात. पाऊस झाला, वाफसा आला की पाभर शेतात जाते. धान्याच्या मक्यात चार दिवस मागे-पुढे झाले तरी फारसे बिघडत नाही, कारण ते कणीस शेतात वाळूनच निघते. गोड मक्याचे कणीस मात्र दुधाळ अवस्थेत, अवघ्या काही दिवसांच्या मुदतीत तोडावे लागते. ही मुदत चुकली, फुलोऱ्यात उष्णतेची लाट आली किंवा शेजारच्या शेतातील पराग कणसावर पडला, तर पीक हिरवेगार उभे असूनही माल विकला जात नाही. म्हणून या पिकाची पेरणीची तारीख काढणीपासून मागे मोजून ठरवावी. ती कशी मोजावी आणि पेरणी कशी करावी, याचा विचार या लेखात केला आहे.

बियाण्याचा स्वभाव

कोवळ्या दाण्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर होण्याची क्रिया गोड मक्यात जनुकीय बदलामुळे मंदावलेली असते. त्याचे दोन प्रमुख गट आहेत. पहिला साधा गोड मका. माधुरी आणि प्रिया हे आपल्याकडील जुने, परिचित वाण या प्रकारचे आहेत. दुसरा अतिगोड मका. बाजारातील अनेक संकरित वाण या गटात मोडतात. अतिगोड मक्याचे वाळलेले बी सुरकुतलेले आणि वजनाला हलके असते, कारण त्यात पिष्टाचा साठा कमी असतो. अंकुराला जमिनीबाहेर येईपर्यंत हाच साठा शिदोरी म्हणून पुरवायचा असतो. शिदोरी कमी म्हटल्यावर वाट लांब असून चालत नाही. थंड, चिखलट किंवा ढेकळांच्या जमिनीत आणि खोल पेरलेले असे बी कुजते.

साधा गोड मका जमिनीचे तापमान सुमारे १३ अंश सेल्सिअस असतानाही उगवू शकतो. अतिगोड वाणांना किमान १८ अंश लागतात. दोन्हींची उगवण २१ ते ३० अंशांत उत्तम होते. सकाळच्या वेळी पेरणीच्या खोलीवर साधा तापमापक रोवून ही खात्री करून घेता येते.

भारतातील पेरणीचे काळ

महाराष्ट्र आणि दख्खनच्या पठारावर खरीप पेरणी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, रब्बी पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत आणि उन्हाळी पेरणी जानेवारीच्या उत्तरार्धात करावी. कर्नाटक, आंध्र प्रदेश, तेलंगणा आणि तमिळनाडूच्या सौम्य हिवाळ्याच्या भागात पाण्याची सोय असल्यास कडक उन्हाळ्यातील फुलोरा टाळून जवळजवळ वर्षभर पेरणी शक्य आहे. बिहारमध्ये रब्बी मका ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरला जातो.

पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात डिसेंबर-जानेवारीत जमीन फार थंड असते. तेथे वसंत ऋतूतील पेरणी जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, जमीन तापू लागल्यावर करावी. हिमाचल प्रदेश व उत्तराखंडच्या डोंगराळ भागात उंचीनुसार एप्रिल-मे महिन्यांत, थंडीची भीती सरल्यावर पेरणी करता येते.

मागे मोजण्याची रीत

समजा, खरिपातील कणसे १ सप्टेंबरच्या सुमारास बाजारात न्यायची आहेत. कणसाच्या टोकातून रेशमी केस बाहेर पडल्यापासून दाणा दुधाळ होईपर्यंत खरिपात साधारणतः १८ ते २२ दिवस लागतात. सरासरी २० दिवस धरल्यास केस १२ ऑगस्टला दिसले पाहिजेत. पेरणीपासून केस येण्यास मध्यम कालावधीच्या वाणाला या हंगामात ५० ते ५५ दिवस लागतात. म्हणजे पेरणी १८ ते २३ जूनच्या दरम्यान व्हावयास हवी. रब्बीत थंडीमुळे दोन्ही टप्पे लांबतात. त्यामुळे पाकिटावरील दिवस प्रमाण मानण्यापेक्षा आपल्या भागातील मागील हंगामाची नोंद वहीत ठेवावी.

याच हिशेबात फुलोऱ्याचे हवामानही तपासावे. कणसातील प्रत्येक दाण्यासाठी एक स्वतंत्र केस असतो आणि त्या केसावर पराग पडला तरच तेथे दाणा भरतो. तापमान ३५ अंशांच्या वर गेले आणि हवा कोरडी असली की पराग लवकर निर्जीव होतो, केस सुकतात आणि कणसे अर्धवट भरतात. विदर्भ-मराठवाड्यात १५ जानेवारीला पेरलेल्या पिकाचा फुलोरा मार्चच्या मध्याच्या सुमारास येतो. फेब्रुवारीच्या अखेरीस पेरलेले पीक मात्र एप्रिलच्या उन्हात फुलते. उसने बियाणे, उसनी वेळ असे न करता हा महिन्याचा फरक आधीच लक्षात घ्यावा.

शेजारचा मका

गोड मक्याच्या केसांवर धान्याच्या मक्याचा पराग पडला, तर त्याचा परिणाम पुढच्या पिढीची वाट न पाहता त्याच कणसात दिसतो. असे दाणे पिष्टमय व कडक होतात. शेजाऱ्याच्या मक्याचे यात काहीही नुकसान होत नाही. सारा तोटा गोड मका लावणाऱ्याचा असतो. कुक्कुटखाद्य आणि इथेनॉल यांसाठी धान्याच्या मक्याची मागणी वाढल्याने बांधापलीकडे मका असण्याची शक्यता आता अधिक आहे. साधा गोड व अतिगोड हे दोन प्रकारही एकमेकांशेजारी एकाच वेळी फुलू देऊ नयेत. त्यांच्या संकरातूनही पिष्टमय दाणे तयार होतात.

यावर दोन उपाय आहेत. शक्य असल्यास इतर मक्यापासून सुमारे ४०० मीटर अंतर राखावे. लहान धारणक्षेत्रात हे बहुधा जमत नाही. तेथे फुलोऱ्यात किमान १५ ते २० दिवसांचे अंतर ठेवावे. येथे एक चूक वारंवार घडते. शेतकरी पेरणीच्या तारखांतील फरक मोजतात, वास्तविक मोजायचा असतो तो फुलोऱ्यातील फरक. शेजाऱ्याने उशिरा पक्व होणारा मका १५ जूनला पेरला आणि त्याला ६० दिवसांनी तुरा आला, तर तो १४ ऑगस्टला येईल. आपण दहा दिवसांनी, म्हणजे २५ जूनला, ५० दिवसांत फुलणारा गोड मका पेरला, तर तोही १४ ऑगस्टलाच फुलेल. अंतर राखल्याचे समाधान मिळेल आणि दोन्ही शेते एकाच दिवशी पराग सोडतील. म्हणून पेरणीपूर्वी बांधावर जाऊन शेजाऱ्याला वाण व पेरणीची तारीख विचारावी. गावातील उत्पादकांनी मिळून एकाच शिवारात गोड मका घेतल्यास हा प्रश्न मुळातच सुटतो.

पेरणीची पद्धत

जमीन मध्यम ते भारी, उत्तम निचऱ्याची आणि ६.५ ते ७.५ सामू असलेली निवडावी. नांगरट व कुळवाच्या पाळ्यांनी माती भुसभुशीत करून चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. मक्याचे पीक रोपावस्थेपासून गुडघाभर उंचीचे होईपर्यंत साचलेल्या पाण्याला अत्यंत संवेदनशील असते. म्हणून खरिपात सपाट वाफ्याऐवजी सरी-वरंबा किंवा गादीवाफा करावा आणि बी वरंब्याच्या बगलेला, पाणी लागणार नाही अशा उंचीवर टोकावे. उत्तर भारतात हिवाळ्यात वरंबे पूर्व-पश्चिम काढून त्यांच्या दक्षिणेकडील बगलेवर टोकण करावी. तेथे ऊन अधिक मिळाल्याने उगवण सुधारते.

दोन ओळींत ७५ सेंमी व दोन रोपांत २० सेंमी अंतर ठेवल्यास हेक्टरी सुमारे ६६,६०० आणि एकरी सुमारे २७,००० झाडे बसतात. हेक्टरी साधारण ८ ते १० किलो बियाणे पुरते. साधे गोड बी ३ ते ४ सेंमी, तर अतिगोड बी २.५ ते ३ सेंमीपेक्षा खोल टाकू नये. संकरित बियाणे बहुधा औषध लावलेलेच येते. ते पुन्हा धुवू किंवा भिजवू नये. आठ-दहा दिवसांत नांगे भरावेत. मात्र उशिरा लावलेली रोपे उशिरा फुलतात, त्यामुळे ट्रेमध्ये त्याच दिवशी थोडी जादा रोपे तयार करून तीच दोन-तीन पानांची असताना मुळे न दुखावता लावणे श्रेयस्कर.

परसबागेत गोड मका लावणाऱ्यांनी एक लांब ओळ न करता चार आखूड ओळींचा चौकोन करावा. परागीभवन वाऱ्याने होते. एकेरी ओळीचा पराग वाऱ्यावर बाहेर जातो आणि कणसे विरळ भरतात.

टप्प्याटप्प्याने पेरणी

सर्व क्षेत्र एकाच दिवशी पेरल्यास सर्व कणसे एकाच आठवड्यात तयार होतात. दोन-तीन दिवसांत जेवढी कणसे तोडून विकता येतील, तेवढ्याच क्षेत्राचा एक टप्पा करावा. खरिपात दोन टप्प्यांत १० ते १५ दिवसांचे अंतर पुरते. थंडीत मात्र दिवस मोजून भागत नाही. उशिरा पेरलेला टप्पा पुढील उबेत वेगाने वाढून आधीच्या टप्प्याला गाठतो. अशा वेळी पहिल्या टप्प्यातील रोपांना तीन-चार पाने आल्यावर दुसरा टप्पा पेरावा.

पेरणीनंतर

माती परीक्षणानुसार खते द्यावीत. सर्वसाधारणपणे हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश लागते. नत्राचा एक तृतीयांश हप्ता व संपूर्ण स्फुरद-पालाश पेरणीवेळी, उरलेले नत्र ३० व ४० ते ४५ दिवसांनी दोन समान हप्त्यांत द्यावे. पहिले ३० ते ४० दिवस शेत तणमुक्त ठेवून मातीची भर द्यावी. बुडाशी आलेले फुटवे काढण्याची आवश्यकता नाही. तुरा, केस व दाणे भरणे या अवस्थांत पाण्याचा ताण पडू देऊ नये.

२०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी गोड मक्यावर विशेष येते. उगवणीनंतर पहिल्याच आठवड्यापासून पोंगे तपासावेत, अंडीपुंज वेचून नष्ट करावेत व सुरुवातीस ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. रासायनिक औषध लागल्यास कणसे कोवळीच खाल्ली जातात हे स्मरून लेबलवरील शिफारस आणि काढणीपूर्व प्रतीक्षा काळ काटेकोरपणे पाळावा.

काढणी

केस तपकिरी होऊन सुकू लागले आणि दाण्यावर नख रुतवताच दुधासारखा रस आला, की कणीस तयार समजावे. रस पाण्यासारखा असेल तर थांबावे. घट्ट पिठूळ असेल तर उशीर झाला आहे. तोडणी पहाटे करावी व माल लगेच सावलीत हलवावा. साध्या गोड मक्यातील निम्म्याहून अधिक साखर ३० अंश तापमानात एका दिवसात नाहीशी होऊ शकते. अतिगोड मक्यात ही घट संथ असते. म्हणून बाजारपेठ दूर असल्यास अतिगोड वाण निवडावा, मात्र त्याच्या उगवणीसाठी अधिक काळजी घेण्याची तयारी ठेवावी. कणसे काढल्यावर ताटे हिरवी असतानाच कापल्यास जनावरांना उत्तम वैरण मिळते.

बियाण्याचे पाकीट फोडण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत : कणसे कोणत्या आठवड्यात व कोणाला विकायची आहेत? त्या हिशेबाने फुलोरा कोणत्या हवामानात येतो? त्या दिवसांत शेजारी कोणता मका फुलत असेल? आणि आज जमीन पुरेशी उबदार व वाफशावर आहे का? चारही उत्तरे जुळली, तर तोच पेरणीचा मुहूर्त. एखादे उत्तर जुळत नसेल, तर तारीख चार दिवस पुढे ढकलणे किंवा वाण बदलणे हे अडीच महिन्यांनी न विकली जाणारी कणसे पाहण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडते.